आधी सासूबाईंना विचारलंत का?

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: मी फोंड्याची, वय ४८, शाळेत शिकवते. येत्या जानेवारीत सासू-सासऱ्यांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतायत. पुण्यातल्या दिरांचं म्हणणं, आपण सगळ्या ११ जणांनी सिंगापूरला जाऊ आणि तिथून मोठ्या क्रूझवर ४ रात्री घालवू. सासरे ७७ वर्षांचे आहेत, मुरगाव बंदरातून निवृत्त झालेत. सासूबाई ७१ वर्षांच्या. गुडघ्यांमुळे काठी घेऊन चालतात, सोमवार आणि एकादशी पाळतात. विमान धरून माणशी लाखाच्या पुढे खर्च जाईल, आणि आमच्या वाट्यासाठी एक ठेव मोडावी लागेल. माझी मावसबहीण गेल्या वर्षी नवरा आणि कॉलेजातल्या दोन मुलांबरोबर अशाच बोटीवर जाऊन आली. ती म्हणते, 'आयुष्यात एकदा तरी जायलाच हवं.' शाळेतली सहशिक्षिका म्हाताऱ्या आईला घेऊन गेली होती. ती म्हणते, 'रांगा, गोंगाट आणि शेवटी भलंमोठं बिल. पुन्हा पाय ठेवणार नाही.' इंटरनेटवरही तेच, अर्धे लोक स्वर्ग म्हणतात, अर्धे पस्तावतात. कोणाचं खरं धरायचं? नको म्हटलं तर घरात मी मोडता घालणारी ठरेन. हो म्हटलं आणि तिथे सासूबाईंचे हाल झाले, तर ते मला कायम खात राहील.

प्रिय ताई,

तुमची मावसबहीण खरं बोलतेय आणि तुमची सहशिक्षिकाही. एक दोन तरुण मुलांना घेऊन गेली, दुसरी म्हाताऱ्या आईला घेऊन. बोट त्याच जातीची असली तरी दोघींनी त्यावर काय केलं, ते सारखं असणं शक्यच नव्हतं. शिरोड्याच्या जत्रेला कोणी दर्शनाला जातं, कोणी खाजं घ्यायला आणि रात्रीच्या नाटकाला. गर्दी कशी होती म्हणून दोघांना विचाराल, तर दोन वेगळ्या जत्रा ऐकायला मिळतील.

म्हणून 'कोणाचं खरं' हा प्रश्न सोडून द्या. दोघींना पुन्हा एकदा फोन करा आणि एवढंच विचारा: बोट दिवसभर समुद्रात होती त्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत तुम्ही काय केलंत? मावसबहीण बहुतेक पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, संध्याकाळचा शो, रात्रीचं नाचगाणं यांबद्दल भरभरून बोलेल. सहशिक्षिका सांगेल की आईला बसायला सावलीतली शांत जागा शोधण्यात सकाळ गेली. ही उत्तरं ऐकताना त्या सात तासांत तुमच्या सासूबाई कुठे बसल्या असतील, ते डोळ्यांसमोर आणा. कौतुक किंवा तक्रार ऐकून जे कळत नाही, ते तेवढ्यात कळेल. इंटरनेटवरचे अनुभव वाचतानाही आधी हेच बघावं: लिहिणारा किती वयाचा, कोणाबरोबर गेला होता आणि काय मनात धरून गेला होता. तरुण जोडप्याने दिलेले पाच तारे तुमच्या काही कामाचे नाहीत.

आता बोटीविषयी, कारण आकाराचा अंदाज नसला की पुढचे सगळे निर्णय चुकतात. आशियात फिरणाऱ्या मोठ्या बोटींपैकी स्पेक्ट्रम ऑफ द सीज घ्या. २०१९ सालची ही बोट सुमारे ३४७ मीटर लांब आहे. एका खोलीत दोघे धरले तर तिच्यावर ४,२०० हून जास्त प्रवासी मावतात, आणि दीड हजारांवर कर्मचारी वेगळे. जगात याहून मोठ्याही आहेत. २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेली आयकॉन ऑफ द सीज पूर्ण भरली तर प्रवासीच ७,६०० होतात. तुमच्यासाठी यातला महत्त्वाचा आकडा प्रवाशांचा नाही, लांबीचा आहे. खोली एका टोकाला आणि जेवणाची जागा दुसऱ्या टोकाला असली, तर एका वेळच्या जेवणासाठी सासूबाईंना बंद, अरुंद मार्गिकेतून जाऊन-येऊन अर्ध्या किलोमीटरहून जास्त चालावं लागेल. दिवसातून तीनदा.

आणि लिफ्ट. रात्रीचा शो सुटला की नाट्यगृहातून हजारभर माणसं एकदम बाहेर पडतात. लिफ्टसमोर गर्दी होते. एक लिफ्ट येते, दार उघडतं, आत आधीच माणसं दाटीवाटीने उभी असतात, दार पुन्हा बंद होतं. दुसरी येते, तिच्यात चपळ माणसं पुढे होऊन शिरतात. काठी टेकून उभी असलेली बाई अशा तीन-चार लिफ्ट सोडते, कारण लोटालोटी तिला जमत नाही, आणि तिला धरून उभ्या असलेल्या सुनेलाही तिला सोडून पुढे जाता येत नाही. तुमच्या सहशिक्षिकेच्या बोलण्यात जो वैताग आहे, त्यातला बराचसा अशा पाच-दहा मिनिटांचा असणार. यावर उपाय आहे, पण तो बुकिंग करतानाच करावा लागतो. खोली बोटीच्या मध्यावर, लिफ्टपासून जवळ आणि शक्यतो खालच्या मजल्यावर मागायची. मध्यावर आणि खाली बोट हलते त्यापेक्षा टोकांना आणि वर जास्त हलते, त्यामुळे मळमळीच्या दृष्टीनेही हीच जागा बरी. शो संपायच्या दहा मिनिटं आधी उठायचं, किंवा सगळे जाईपर्यंत खुर्चीतच बसून राहायचं. बोटीवर चाकाची खुर्ची लागणार असेल तर तसं कंपनीला महिना-दोन महिने आधी लेखी कळवायचं. बोटीवर चढल्यावर मागितली तर मिळेलच असं नाही.

मोठी बोट म्हणजे दाटी जास्त, असं बरेच जण गृहीत धरतात. तसं नेहमी नसतं. दोन बोटींची तुलना करायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक बोटीचं ग्रॉस टनेज जाहीर असतं. हे वजन नसून आतल्या जागेचं माप असतं. त्याला प्रवाशांच्या संख्येने भागायचं. स्पेक्ट्रमचं टनेज १,६९,३७९ आहे, भागाकार ४० च्या आसपास येतो. आपल्याकडे मुंबईहून गोव्याला येणारी कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस ४८,५०० टनांची आहे आणि तिच्यावर साधारण १,६०० ते १,८०० प्रवासी असतात. तिथे उत्तर ३० च्या आत-बाहेर येतं. म्हणजे माणशी जागा मोठ्या बोटीवर जास्त. छोट्या बोटीचा फायदा वेगळा आहे: अंतरं कमी आणि बोट लवकर पाठ होते. सासूबाईंसारख्यांना कोपरान्कोपरा लवकर ओळखीचा होणं हे मोकळ्या जागेपेक्षा मोलाचं वाटू शकतं.

पहिला दिवस सगळ्यांत दमवणारा असतो आणि नाराजीची सुरुवात बहुतेक तिथेच होते. बंदरावर सामान द्यायचं, पासपोर्ट तपासून घ्यायचे, रांगेतून वर चढायचं. खोली दुपारी उशिरा मिळते आणि बॅगा त्यानंतर दाराशी येतात. म्हणून सासूबाईंच्या गोळ्या, चष्मा आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवा. पेडण्याकडचा एक ओळखीचा मुलगा अनेक वर्षं बोटीवर खोल्या सांभाळतो. तो सांगतो की चढल्याबरोबर सगळे वरच्या बुफेकडे धावतात आणि ताट घेऊन जागा शोधत फिरतात. त्याच वेळी बऱ्याच बोटींवर खालचं मोठं भोजनगृह उघडं असतं आणि तिथे टेबलावर बसवून वाढतात, पण नव्या माणसाला ते ठाऊकच नसतं. सुटण्याआधी सुरक्षेची कवायतही होते. २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडून ३२ माणसं गेली, त्यानंतर याबाबतचे नियम कडक झाले. ही कवायत टाळू नका. सासूबाईंना आपत्तीच्या वेळी कोण, कुठून नेणार, हे तिथल्या कर्मचाऱ्याला स्पष्ट विचारून घ्या.

जेवणाची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही. सिंगापूरहून निघणाऱ्या बोटींवर भारतीय प्रवासी भरपूर असतात, त्यामुळे शाकाहारी आणि जैन जेवणही मिळतं. एकादशीचं मात्र स्वतःच बघावं लागेल. फळं, दूध, दही मिळेल. साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही. आपल्याकडच्या बायका प्रवासात हमखास एक वस्तू बॅगेत टाकतात, ती इथे चालत नाही: पाणी उकळायची विजेची किटली. आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर किटली आणि इस्त्री काढून घेतात. तेव्हा सासूबाईंचा सकाळचा चहा खोलीतच आपण करू, असं गृहीत धरू नका. खोलीत चहा आणून देतात का आणि त्याचे पैसे पडतात का, हे आधी विचारा. सत्तरीतल्या माणसाचा दिवस त्या पहिल्या कपावर ठरतो.

आता पैसे. 'सगळं त्यातच आलं' ही समजूत घेऊन लोक चढतात, आणि शेवटच्या रात्री बिल बघून पुढचे सहा महिने बोटीला नावं ठेवतात. तिकिटात साधारण खोली, मुख्य जेवणं, साधा चहा-कॉफी-पाणी, शो आणि पोहण्याचे तलाव येतात. बाटलीतली शीतपेयं, वेगळ्या उपाहारगृहांतलं जेवण, इंटरनेट, फोटो, मसाज, किनाऱ्यावरच्या सहली आणि दवाखाना यांचे पैसे वेगळे. शिवाय सेवाशुल्क रोज आपोआप बिलात चढतं. अनेक कंपन्यांचं ते माणशी दिवसाला १६ ते २० डॉलरच्या दरम्यान असतं. १८ डॉलर धरा: ११ माणसं, ४ रात्री, ७९२ डॉलर झाले. हा आकडा दिरांच्या कागदावर आहे का? नसेल तर आजच टाका. मुलांच्या कार्डांवर खर्चाची मर्यादा घालून घ्या आणि बिल रोज रात्री बघा, म्हणजे शेवटी धक्का बसत नाही. मोबाइल बोटीवर चढताच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रातलं रोमिंग महागडं असतं आणि ते आपोआप सुरू होतं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. तो आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो, पण आधी तो हातातून जातो, हे हिशोबात धरा.

सेवाशुल्काबद्दल एक मनापासून सांगते. बिलातून ते काढून टाकता येतं, असं शिकवणारे लोक भेटतील. कृपा करून तसं करू नका. ज्या खोलीत तुम्ही दिवसातून दोनदा नीट केलेला बिछाना बघाल, ती करणारा मुलगा अनेकदा आपल्याच गोव्यातला असतो. तारवटीची, म्हणजे बोटीवरची, नोकरी केलेलं एक तरी माणूस आपल्याकडे बहुतेक गावांत सापडतं. ही मुलं सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर जातात, करारभर आठवड्याचे सातही दिवस कामाला असतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार २४ तासांत निदान १० तासांची विश्रांती त्यांना मिळायला हवी. म्हणजे किती तास काम चालू शकतं, ते बघा. त्यांच्या घरी गणपतीची चवथ त्यांच्याशिवाय होते. ७९२ डॉलर जड वाटत असतील तर सहल छोटी करा, त्यांच्या वाट्यातून वाचवू नका.

तुमच्या पत्रात नाही, पण दिरांच्या मनात असेल असं एक गृहीत आहे: एका सहलीत दोन-तीन देश बघून होतील. यावर गोव्यातल्या माणसाने तरी विश्वास ठेवू नये. मुरगावला क्रूझ लागते तेव्हा तिचे प्रवासी गोवा कसा बघतात, हे आपण बघतोच. बसमधून जुनं गोवं, मंगेशी, पणजीत एक चक्कर, काजूच्या दुकानात वीस मिनिटं आणि दिवस मावळायच्या आत परत बोटीवर. तुमचं फोंडा त्यांना बसच्या खिडकीतून दिसतं. सिंगापूरहून निघालेल्या बोटी जिथे थांबतात, ते मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत तुम्हालाही एवढंच दिसणार. त्यात फुकेतला मोठ्या बोटी बऱ्याचदा पातोंग किनाऱ्याच्या समोर समुद्रातच नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. त्या होडीत हलत्या पायरीवरून उतरणं काठी घेतलेल्या माणसाला झेपत नाही, आणि समुद्र खवळलेला असेल तर कर्मचारी उतरूही देत नाहीत. दिरांना विचारा: बोट कोणत्या बंदरात धक्क्याला लागते आणि कुठे नांगर टाकते? स्वतः टॅक्सी करून फिरणार असाल तर ठरल्या वेळेच्या तासभर आधी परत या. बोटीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ती थांबते, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. सासूबाईंना उतरायचं नसेल तर तेही चांगलंच. सगळे उतरले की बोट रिकामी होते, आणि तोच तिच्यावरचा सर्वांत निवांत वेळ असतो.

तब्येतीचं थोडक्यात. पोट बिघडवणारा नोरोव्हायरस बंद जागेत झपाट्याने पसरतो आणि त्याच्यावर सॅनिटायझर पुरेसा चालत नाही. जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, सगळ्यांनी. पेनांग-फुकेतकडे मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाणारा मार्ग एरवी शांत असतो. जानेवारीत व्हिएतनामकडे जाणाऱ्या बोटींना ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे लाटा जास्त लागतात, तो मार्ग सासऱ्यांच्या वयाला टाळा. विमा घेताना क्रूझ आणि समुद्रातून हॉस्पिटलात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, ते वाचा आणि जुने आजार लपवू नका. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल डॉलरमध्ये येतं आणि आपलं इथलं हेल्थ कार्ड तिथे चालत नाही.

हे सगळं झालं बोटीचं. पण ताई, तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचताना मला सगळ्यांत जास्त खटकलं ते वेगळंच. दिरांनी ठरवलंय. मावसबहिणीचं मत आहे, सहशिक्षिकेचं आहे, इंटरनेटचं आहे. ज्यांच्या लग्नाची ५० वर्षं आहेत, त्या दोघांचं मत मात्र पत्रात कुठेच नाही. तुमच्या यजमानांचंही नाही. आणि तुम्हाला स्वतःला जायची इच्छा आहे की नाही, हेही तुम्ही लिहिलेलं नाही.

सासूबाईंना विचारा, पण सगळ्यांसमोर 'आई, क्रूझला जायचं ना?' असं विचारू नका. त्यावर 'तुम्ही ठरवाल ते' याखेरीज दुसरं उत्तर त्या देणार नाहीत. त्यांच्या पिढीच्या बायकांना मुलांचा उत्साह मोडता येत नाही. दुपारी दोघीच असाल तेव्हा खरं चित्र पुढे ठेवा: खोलीतून समुद्र दिसेल, रोज इतकं चालावं लागेल, जेवण असं असेल, विमानात आणि विमानतळावर इतका वेळ जाईल. मग विचारा, यातलं काय आवडेल आणि काय नको वाटतं? आणि आणखी एक विचारा: लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला तुम्हाला कोण कोण जवळ हवंय? कदाचित त्या म्हणतील, माझ्या दोन्ही बहिणी. ११ जणांच्या यादीत त्या बहिणी नसतील. सासऱ्यांशी वेगळं बोला. पन्नास वर्षांच्या संसारात जोडपी एकमेकांच्या वतीने उत्तरं द्यायला लागतात. ज्यांनी नोकरीभर धक्क्यावरून बोटी बघितल्या, त्यांना आत जायची हौस असेल, असं आपल्याला वाटतं, पण असेलच असं नाही. असली, तर काही बोटींवर इंजिनाच्या नियंत्रण कक्षापर्यंत आणि भटारखान्यापर्यंत नेणारी सशुल्क फेरी असते. नाचगाण्यापेक्षा त्यांना ती जास्त आवडेल.

त्यांचं उत्तर आल्याशिवाय मी 'जा' म्हणणार नाही, पण माझा कल कुठे आहे ते सांगते. ठेव मोडू नका. लग्नाचा वाढदिवस साजरा व्हावा म्हणून मुलांनी कर्ज काढल्यासारखं केलं, हे त्या दोघांना कळलं तर त्यांचा आनंद तिथेच संपेल. आणि घरात अशा गोष्टी लपत नाहीत. दोघांना समुद्राची ओढ असेल तर मुंबईहून गोव्याला येऊन परत जाणारी दोन-तीन रात्रींची सफर आधी बघा. जानेवारीत कोकणचा समुद्र शांत असतो, पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, मडगावहून वंदे भारतने मुंबईला जाता येतं. आठवड्याच्या शेवटच्या फेऱ्यांना मित्रमंडळींचे घोळके आणि मोठा आवाज असतो, म्हणून मधल्या वारांची फेरी मागा. मुरगावलाच उतरून घरी जाता येईल का, तेही विचारा. मुंबई ते पणजी कोकण सेवक आणि कोकण शक्ती या बोटी चालायच्या, तेव्हा डेकवर चटई अंथरून केलेला प्रवास तुमच्या सासऱ्यांना आठवत असेल. त्याच किनाऱ्यावरून जाताना नातवंडांना मालवण, वेंगुर्ल्याच्या गोष्टी सांगायला त्यांना सिंगापूरपेक्षा इथे जास्त सुचेल. सासूबाईंच्या बहिणींनाही एवढा खर्च झेपेल.

बोटच नको, असं दोघांनी म्हटलं तर तेही सरळ माना. कुलदेवाला अभिषेक, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तनिवासात, जवळच्या माणसांचं जेवण, आणि हौस असलेल्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत आपापल्या खर्चाने सिंगापूर. सगळं एकाच सहलीत कोंबायची गरज नाही. उलट दोघांनी सिंगापूरच हवं म्हटलं, तर बिनधास्त जा, वर सांगितलेल्या खोलीच्या आणि खर्चाच्या अटी पाळून. फक्त एक करा. निघायच्या आधी कोणत्या वेळी सासूबाईंबरोबर कोण, हे सगळ्यांच्या नावांनिशी ठरवा. सकाळी दिराने, दुपारी मोठ्या नातवाने, शोला तुमच्या यजमानांनी. रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी एका टेबलावर. असं ठरलं नाही तर स्वयंपाकघरातून सुटका झालेल्या तुम्ही चारही दिवस लिफ्टसमोर उभ्या दिसाल, आणि परत आल्यावर तुमचं मत सहशिक्षिकेसारखंच होईल. दिवसभर ११ जणांनी एकत्रच असायला हवं, हा हट्टही सोडा. ज्याला पोहायचंय तो पोहील, ज्याला पडून राहायचंय तो पडेल.

आता मोडता घालणारी ठरण्याची भीती. ती खरी आहे, म्हणून हे बोलणं तुम्ही करू नका. भाऊ-भावांतलं बोलणं आहे, यजमानांनी दिरांना फोन करावा. 'कल्पना चांगली आहे. आई-बाबांना मी विचारलं, त्यांना असं असं हवंय. आमच्याकडून एवढी रक्कम निघेल, ठेवीला हात लावणार नाही. एवढ्यात काय बसतं ते मिळून बघूया.' यात नकार कुठेच नाही, आणि दिरांच्या उत्साहाचा मानही राहतो. ते उत्साहाने पुढाकार घेतायत, हे तुमच्या घराचं भाग्यच आहे. फोनवर आधी तेच बोलून दाखवायला सांगा.

हे बोलणं या आठवड्यात करा, कारण जानेवारीतल्या फेऱ्यांच्या बोटीच्या मध्यावरच्या, लिफ्टजवळच्या खोल्या लवकर संपतात. आगाऊ रक्कम भरण्याआधी रद्द करण्याच्या अटी लेखी घ्या: किती दिवस आधी रद्द केलं तर किती पैसे बुडतात, आणि एकच माणूस आजारी पडलं तर काय. सिंगापूरच ठरलं तर व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, कारण बोट बाहेर जाऊन पुन्हा सिंगापुरातच येते. आणि आज संध्याकाळीच सगळ्यांचे पासपोर्ट काढून तारखा बघा. परतीच्या दिवसापासून निदान सहा महिने मुदत शिल्लक हवी. म्हाताऱ्या माणसांचे पासपोर्ट कपाटात पडून असतात आणि मुदत कधी संपली ते कोणाच्या ध्यानात राहत नाही. सासू-सासऱ्यांचे संपले असतील, तर नूतनीकरणासाठी पासपोर्ट केंद्रात दोघांना घेऊन जावं लागेल. त्यासाठी शाळेतून एक रजा राखून ठेवा.